गट्टी हॉल ऑफ फेममध्ये बसतो का?

(दृश्य: रिंगचा कोपरा, स्टुलावर बसलेला बॉक्सर. घंटा.)

१८ मे २००२. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला मोहेगन सन कसिनो. लढत दहा फेऱ्यांची, नववी नुकतीच सुरू झालीय. बॉक्सर मिकी वॉर्डचा डावा हूक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा, समोरच्या आर्तुरो गट्टीच्या उजव्या बरगड्यांखाली बसतो. यकृतावरच्या ठोशाची खोड अशी, की कळ एखाद-दुसरा सेकंद उशिरा येते. मग रक्तदाब घसरतो, श्वास अडकतो. शुद्ध शाबूत असते, पण पाय ऐकत नाहीत. गट्टी गुडघ्यावर येतो, चेहरा पिळवटलेला. पंचाची मोजणी संपता संपता उठतो. वॉर्ड तुटून पडतो, मध्येच गट्टी त्यालाच मागे रेटतो, आणि फेरी संपताना पुन्हा वॉर्ड वरचढ.

निकाल वॉर्डच्या बाजूने. तीन जजांचे गुण ९४-९४, ९४-९३ आणि ९५-९३. चौथ्या फेरीत कमरेखाली ठोसा मारला म्हणून गट्टीचा एक गुण कापला गेला होता. तो परत देऊन बेरीज करून बघा: एक जज गट्टीकडे, एक वॉर्डकडे, एक बरोबरीत. म्हणजे लढत अनिर्णित.

(दृश्य: कॅनस्टोटा, न्यूयॉर्क राज्य. संग्रहालयाची इमारत.)

हे बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेम, थोर बॉक्सरांचा मानाचा गट. गट्टीला त्यात नेलं ते त्याच नवव्या फेरीने, असं सर्रास म्हटलं जातं. निवड झाली डिसेंबर २०१२मध्ये, समारंभ जून २०१३मध्ये. तेव्हा निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागे. मत देणार बॉक्सिंगचे पत्रकार आणि इतिहासकार, आणि आधुनिक काळाच्या गटातून वर्षाला तिघेच निवडले जात. किती विजय, जगज्जेतेपदाचे किती पट्टे, असा कुठलाही किमान आकडा नियमात नाही. सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

गट्टीची नोंद ४० विजय, त्यांतले ३१ नॉकआउट, आणि ९ पराभव. १९९५मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर ट्रेसी हॅरिस पॅटरसनला हरवून त्याने १३० पौंडांचा, म्हणजे साधारण ५९ किलोंचा, आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेचा पट्टा घेतला आणि तीनदा राखला. २००४मध्ये १४० पौंडांचा, डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा पट्टा, तो दोनदा राखला. मात्र ज्या दोघांना त्या काळचे थोर म्हणता येईल, त्यांच्यासमोर तो टिकला नाही. २००१मध्ये ऑस्कर डी ला होयाने पाचव्या फेरीत संपवलं. २००५मध्ये फ्लॉइड मेवेदरसमोर सहा फेऱ्यांनंतर गट्टीच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली.

आमच्या मते गट्टीची खरी बाजू वॉर्डच्या आधीची आहे. वॉर्डबरोबर तो एकूण तीनदा लढला, पण त्या तिन्ही लढतींत एकही पट्टा पणाला नव्हता. मार्च १९९६ची विल्सन रॉड्रिगेझची लढत पाहा. दुसऱ्या फेरीत गट्टी खाली, डोळे सुजून जवळपास मिटलेले. कोपऱ्यातला माणूस थंडगार धातूचा ठोकळा दाबून सूज बाजूला सारतो, पण मिनिटभरात कितीशी सरणार? डोळा मिटला की त्या बाजूने येणारा हूक दिसत नाही, न दिसलेला ठोसा जास्त लागतो, आणि सूज आणखी वाढते. अशा अवस्थेत सहाव्या फेरीत त्याने रॉड्रिगेझला नॉकआउट केलं. १९९७मध्ये गाब्रिएल रुएलासने चौथ्या फेरीत त्याला हलवलं, पाचव्यात गट्टीच्या डाव्या हूकने रुएलास आडवा. ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाने या लढतीला वर्षाची सर्वोत्तम लढत ठरवलं. १९९८, २००२ आणि २००३मध्येही हा मान गट्टीच्याच लढतींना मिळाला.

गट्टीचा दोष उघड होता. ठोशांची मालिका सोडली की हात खाली आणि डोकं जागच्या जागी. प्रशिक्षक बडी मॅकगर्टने त्याला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारून बाजूला सरकायला लावलं. वॉर्डशी दुसरी लढत त्याने त्यावरच जिंकली. तिसरीत चौथ्या फेरीला उजवा हात मोडला, सहाव्यात गट्टी स्वतः खाली पडला, तरी गुणांवर जिंकला.

एक डाग मात्र धुऊन निघत नाही. फेब्रुवारी २०००, समोर जोई गमाश. आदल्या दिवशीच्या वजनाला मर्यादा १४१ पौंडांची, आणि लढतीच्या रात्री गट्टी १६०च्या आसपास. घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवायचं आणि चोवीस तासांत भरून काढायचं, ही चाल सगळेच खेळतात. पण एवढी तफावत म्हणजे वजनगट नावापुरताच उरला. गमाश दुसऱ्या फेरीत कोसळला, मेंदूला इजा झाली, पुन्हा कधी लढला नाही.

(दृश्य: सोलची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

गट्टीबरोबर त्याच वर्षी दक्षिण कोरियाचा म्योंग-वू युह आत आला. ३८ विजय, १ पराभव, सलग १७ वेळा राखलेला पट्टा. तो १९९३मध्ये निवृत्त झाला होता. गट्टीला पहिल्याच वर्षी मतं मिळाली, कारण मतदारांनी त्याला टीव्हीवर पाहिलं होतं. लाइट फ्लायवेट या अगदी हलक्या वजनगटातला युह बहुतेक कोरियातच लढत राहिला. गट्टीला जागा द्यावी, पण रांगेत युहच्या मागे.

मराठी कानाला गट्टी म्हणजे दोस्ती, आणि वॉर्डशी ती खरंच जमली. जुलै २००७मध्ये अल्फॉन्सो गोमेझविरुद्ध शेवटची लढत खेळताना गट्टीच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून उभा होता मिकी वॉर्ड. सातव्या फेरीत लढत थांबवली गेली.