जीव तिथेच राहिला

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, मिशन डिस्ट्रिक्ट. बाल्मी ॲली. कॅमेरा भिंतींवरून सावकाश सरकतो.]

ही गल्ली जेमतेम एका गाडीच्या रुंदीची. दोन्ही बाजूंना गॅरेजची दारं, कुंपणं, आणि त्यांवर चित्रं. १९८४ मध्ये चित्रकारांच्या एका गटानं ही गल्ली रंगवायला घेतली. विषय ठरले मध्य अमेरिकेतल्या लोकांची संस्कृती आणि तिथल्या युद्धांमधला अमेरिकेचा हात. आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत तेव्हा एल साल्वादोर, ग्वातेमाला इथून पळून आलेली कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. एकट्या एल साल्वादोरमध्ये बारा वर्षांच्या यादवीत सुमारे ७५,००० माणसं मेली. जी वाचून इथवर पोचली, त्यांतल्या कितीतरी जणांना रात्री झोप नव्हती.

[दृश्य: मिशन स्ट्रीट. फळांची दुकानं, बसथांबा.]

याच वस्तीत १९७८ पासून एक संस्था काम करते आहे, 'इन्स्टिट्यूटो फमिलियार दे ला रासा'. मनावरचे उपचार, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत.

अशा ठिकाणी येणारी बाई 'मला ट्रॉमा आहे' असं म्हणत नाही. भूक मेली, अंगात बळ नाही, झोपेत दचकते, असं सांगते. आणि सांगते की सुस्तो झालाय. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत समजूत अशी, की माणूस जबर घाबरला की त्याचा जीव अंगातून निसटतो आणि जिथे घाबरला तिथेच राहतो. नदीकाठी, रस्त्यावर, सरहद्दीवर. मग कुरांदेरा, म्हणजे झाडपाला आणि प्रार्थना जाणणारी बाई, रोझमेरी आणि सतापाची जुडी अंगावरून फिरवते, कधी अंडं उतरवते, आणि नाव घेऊन जीवाला परत बोलावते. ज्यांच्या घरी मीठ-मोहरीनं दृष्ट काढणारी आजी होती, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

हसण्यावारी न्यायच्या आधी एक अभ्यास पाहू. आर्थर रुबेल या मानववंशशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत मेक्सिकोच्या वाहाका राज्यात सुस्तो झालेल्यांची इतर आजारी माणसांशी तुलना केली. निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आले. सुस्तोवाल्यांमध्ये मानसिक विकार जास्त नव्हते. शारीरिक आजार मात्र जास्त होते. घरात, गावात आपल्याकडून जे व्हायला हवं ते आपल्याला निभत नाही, हा ताणही जास्त होता. आणि पुढच्या सात वर्षांत त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले.

म्हणून जाणकार थेरपिस्ट 'सुस्तो वगैरे काही नसतं' असं म्हणत नाही. विचारते, 'जीव कुठे राहिला?' याचं उत्तर देताना जागा येते, दिवस येतो, सोबत कोण होतं ते येतं. चिंतेची प्रश्नावली पुढे ठेवली असती, तर यातलं बरंचसं आलं नसतं.

[दृश्य: बोतानिका, म्हणजे झाडपाला आणि पूजेच्या वस्तूंचं दुकान. मेणबत्त्या, वाळलेल्या जुड्या.]

अर्थात सगळंच डोळे मिटून घ्यायचं नाही. पोट धरलं की मुलांना द्यायची दोन पारंपरिक पावडरी आहेत, आसारकॉन आणि ग्रेता. दोन्ही म्हणजे जवळजवळ निव्वळ शिसं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांना त्यांतून विषबाधा झाल्याचं उघड झालं. जुडी फिरवली तर फिरवली, पण घरात कुठली पूड आहे हे विचारावंच लागतं.

मिशनमधल्या या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ कोंचा साउसेदो. त्यांच्या कामाशी 'ला कुल्तुरा कुरा', संस्कृतीच बरं करते, हे घोषवाक्य जोडलं गेलंय. खरं सांगायचं तर मला ते जरा घाऊक वाटतं. आधार देणारी संस्कृतीच बाईला 'सोसून घे' असंही शिकवते. स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे: गप्प राहिलीस की जास्त छान दिसतेस. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला ही म्हण पाठ असते.

लिलियन कोमास-दियास यांच्या पद्धतीत याला वाट सापडते. जन्म शिकागोचा, बालपण पोर्तो रिकोत, आणि थेरपिस्ट म्हणून काम वॉशिंग्टनमध्ये. म्हणी, गोष्टी, श्रद्धा हे सगळं उपचारात कसं आणायचं, हे त्यांनी २००६ च्या एका निबंधात मांडलं. म्हणीला उपदेशानं उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या म्हणीनं द्यायचं. देव म्हणतो, तू हातपाय हलव, मग मी मदत करीन. हीसुद्धा त्याच संस्कृतीतली म्हण.

[दृश्य: जुना टेपरेकॉर्डर. काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत चिलीची राजधानी सान्तियागो.]

या उपचारांतलं सगळ्यात भक्कम साधन मात्र चिलीतून आलं. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्करानं सत्ता बळकावली. अटका, छळ, बेपत्ता माणसं. एलिझाबेथ लिरा आणि यूहेनिया वाइनस्टाईन या मानसशास्त्रज्ञ छळातून सुटलेल्यांवर उपचार करत. त्यांनी माणसाचं बोलणं टेपवर घ्यायला सुरुवात केली. टेप कागदावर उतरवायची, मग थेरपिस्ट आणि तो माणूस, दोघांनी बसून वाचायची, दुरुस्त करायची, राहिलेलं भरायचं. शेवटी जो मजकूर होई, तो त्या माणसाचा. त्यानं तो हवा त्याला दाखवावा. याला म्हणतात तेस्तिमोनियो, साक्ष. छळणाऱ्याला कबुली हवी होती. इथे तोच माणूस आरोप करणारा झाला. असा उपचार करणारा तटस्थ राहू शकत नाही, हे लिरा स्पष्ट म्हणत. १९८३ मध्ये दोघींनी हे काम एका अमेरिकन नियतकालिकात छापलं, तेही टोपणनावांनी. २०१७ मध्ये लिरा यांना चिलीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अर्थात स्वतःच्या नावानं.

पुढे निर्वासितांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टनी हीच रीत अमेरिकेत वापरली.

[दृश्य: दोन खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा.]

साक्ष कुठल्या भाषेत द्यायची? १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिशभाषक स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दोन्ही भाषांत तपासलं. इंग्रजीत तेच रुग्ण जास्त आजारी ठरले. १९८१ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांवरचा दुसरा अभ्यास नेमका उलटा निघाला. तिथे लक्षणं स्पॅनिशमध्ये जास्त बाहेर आली. म्हणजे कोणत्या भाषेत विचारलं, यावर निदान हलू शकतं. दोन्ही भाषा येणारी थेरपिस्ट हे कानानं पकडते. सगळ्यात वाईट प्रसंग आला की काही जण मुद्दाम इंग्रजीत शिरतात, तिथे तो कमी बोचतो. ती लगेच अडवत नाही. पुढे कधीतरी, माणूस तयार झाला की, तोच प्रसंग स्पॅनिशमध्ये येतो.

असा कान नसेल तिथे मूलच दुभाषी होतं. दहा वर्षांच्या मुलीनं आईवरच्या बलात्काराचं भाषांतर डॉक्टरला करून द्यायचं. २०१६ च्या केंद्रीय नियमानं, आणीबाणी सोडून, यावर बंदी आणली. नियम झाला, माणसं कुठून आणायची? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकणारे मानसशास्त्रज्ञ जेमतेम साडेपाच टक्के होते. लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले लोक, मात्र २०२० च्या जनगणनेत १८.७ टक्के.

[दृश्य: चर्चचं तळघर. कॉफी, घडीच्या खुर्च्या.]

मग प्रोमोतोरा येतात. वस्तीतल्याच बायका, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. पदवी नाही, पण कुणाच्या घरचा नवरा इमिग्रेशनवाल्यांनी उचलून नेलाय, कुणाचं पोरगं महिनाभर शाळेत गेलं नाही, हे त्यांना फॉर्म न भरता कळतं. त्या स्वयंपाकघरात बसतात, कपडे धुण्याच्या मशीनजवळ गप्पा मारतात. उपचार करणं हे त्यांचं काम नाही. कुणाला कधी थेरपिस्टकडे न्यायचं हे ओळखणं, आणि पहिल्या दिवशी सोबत जाणं, हे त्यांचं काम.