मधुमेह असलेल्यांसाठी मेथी-मटकीचा भात

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड भातावर कोसळते. "आजपासून भात बंद!" असं जाहीर होतं आणि जन्मभर वरणभातावर वाढलेला माणूस दोनाच्या जागी चार पोळ्या खाऊ लागतो. पण गव्हातही पिष्ट आहेच. भात सोडून पोळ्या वाढवल्या तर हाती फारसं काही लागत नाही. उलट जेवणातला आनंद जातो, आणि सणावाराला भाताचं पातेलं समोर आलं की निर्धार मोडतो. म्हणून मी म्हणते, भात पानात राहू द्या. तो थोडा करा, त्यात कडधान्य आणि पालेभाजी भरपूर घाला, आणि पोटभरीचं अन्न म्हणून नव्हे, तर तोंडीलावण्यासारखा वाढा.

पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा कोंडा गेलेला असतो, त्यामुळे त्याचा भात लवकर पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने वर जाते. तरी सगळे तांदूळ सारखे नाहीत. इंद्रायणीसारख्या मऊ, चिकट भातापेक्षा जुन्या बासमतीचा मोकळा भात सहसा सावकाश पचतो. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळही तसाच. भाताचं पाणी काढून टाकलं की साखर निघून जाते, असं अनेकजण सांगतात. पाण्याबरोबर थोडं पिष्ट जातं खरं, पण काही जीवनसत्त्वंही जातात, आणि उरलेला भात शेवटी भातच असतो. खरा फरक पडतो तो किती खाता यानं.

आता कृती. चार माणसांना अर्धी वाटी जुना बासमती, एक वाटी मोड आलेली मटकी आणि चिरलेली मेथी चांगली दोन वाट्या. प्रमाण पाहून दचकू नका, तांदूळ इथे सर्वांत कमीच हवा. एकेकाच्या वाट्याला कच्चा तांदूळ जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम येतो.

तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवा आणि निथळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चहाचे चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेलं आलं, एक-दोन हिरव्या मिरच्या आणि हळद घाला. मग मेथी. ही मेथी घाईनं परतू नका. आधी ती पातेलं भरून दिसते, मग पाणी सोडते, बसते, आणि ते पाणी आटलं की तिचा हिरवा, ओला वास जाऊन खमंग वास सुटतो. तोवर थांबलात की कडवटपणाही बोचत नाही. आता मटकी आणि तांदूळ घालून हलक्या हातानं परता, चमचाभर गोडा मसाला, बेताचं मीठ आणि दीड वाटी उकळतं पाणी घाला. मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं. कुकर नको, त्यात मटकी फुटते आणि भाताचा गोळा होतो. शीत बोटांत दाबून पाहा: दबलं पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. वरून लिंबू आणि मूठभर कोथिंबीर.

आपल्याकडे जेवणाची सुरुवातच वरणभातानं होते. मधुमेह असेल तर हा क्रम उलटा करा. आधी काकडीची कोशिंबीर, भाजी, वाटीभर आमटी, आणि हा भात शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून आलेल्या पिष्टाची साखर हळूहळू चढते. भात घेणार त्या वेळी पोळी एखादीच घ्या, किंवा वगळाच.

भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना भात एकदम निम्म्यावर आणू नका, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्य किती चालेल तेही विचारून घ्या.

आणि तुमच्या शरीराला हा भात किती मानवतो ते मोजूनच ठरवा. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा आणि काय खाल्लं त्यासह वहीत लिहा. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा आकडा वर गेला, तर पुढच्या वेळी तांदूळ पाव वाटीवर आणा, पाणी त्या मानानं कमी करा, मटकी आणि मेथी मात्र तेवढीच राहू द्या.

नमस्कार.