रिबिटांवरचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मी बत्तीस वर्षं फिटर होतो. आमच्या वस्तीला लोक अजून ‘ओझर मिग’च म्हणतात. आधी मिग, मग सुखोई, दोन्ही लढाऊ विमानं. पत्र्याला भोकं पाडायची, पत्रे जोडायला रिव्हेट मारायचे, तपासायचे. रिव्हेट हे कागदावर; आमच्या तोंडी रिबीटच. २०२५च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तो टीव्हीवर बघताना नातीने विचारलं, “आजोबा, तुम्ही बसलात का यात?” कुठला बसतोय! जागा एकच, आणि ती काही फिटरची नव्हे.

पण एका विमानात मी बसलोय, आणि त्यात माझ्या हातचे रिबीट होते.

माझा भाचा अमेरिकेत ओरेगनला असतो. कॉम्प्युटरवाला माणूस. त्याने घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधायला काढलं. गाडी बाहेर पावसात, विमान आत! पत्रे, नकाशे, भोकं पाडलेले भाग खोक्यांतून येतात. मात्र निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं, असा तिकडचा नियम. त्यात रिबीट मारणं एकट्याचं काम नाही. बाहेरून एकाने रिबीट ठोकायची गन चालवायची, आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. निवृत्त मामा आयताच सापडला. चार महिने मी तिथे ठोकळा धरून बसलो. अशा विमानात दहा-पंधरा हजार रिबीट लागतात, हे मला बहिणीने आधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडे असं वेड नाही असं समजू नका. मुंबईत चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. गच्चीवर! आमच्याकडे गॅरेज तरी होतं.

चार वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा विमान तयार होतं. चाचणीचे ठरलेले तास भाच्याने एकट्याने उडवून पुरे केले होते. त्याआधी पाहुण्याला बसवता येत नाही. मी सकाळपासून बूट घालून तयार. तो म्हणाला, “दुपारी नको मामा, संध्याकाळी.”

का, ते आपल्याला पांडवलेण्यांकडे बघून कळेल. उन्हात डोंगराचा दगड तापतो, त्यावरची हवा वर सुटते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर चढत जातात. घारीची मजा होते, पण छोटं विमान त्याच हवेत वणीच्या रस्त्यावरच्या लाल डब्यासारखं आदळतं. ऊन कललं की जमीन निवते, हवा वर सुटायची थांबते. शिवाय थंड हवा दाट असते. पंखाला आणि पुढच्या फिरत्या पंख्याला ती चांगली लागते.

तिकडे उन्हाळ्यात आठ वाजता ऊन असतं. चढताना समोर पाटी दिसली: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम त्याला लागू पडत नाहीत. ही पाटी लावावीच लागते. मी तिला नमस्कार केला आणि बसलो.

गवताची धावपट्टी. चाकांची खडखड एकदम थांबली तेव्हा कळलं की वर आलो. पहिली दहा मिनिटं मी खाली बघितलंच नाही, पंखाकडे बघत होतो. रिबीट सैल पडून हलायला लागला की त्याच्याभोवती काळा ओघळ येतो. एकही ओघळ नव्हता. मग हळूच मान वळवली.

खाली द्राक्षांचे मळे! दिंडोरी-निफाडसारखे मांडव नाहीत, उतारावर नुसत्या कंगव्याने भांग पाडल्यासारख्या ओळी. पूर्वेला माउंट हूड, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, त्यावरचं बर्फ गुलाबी झालेलं. विमान हलतंय असं वाटतच नव्हतं. भाचा म्हणाला, “मामा, धरा आता.” गुडघ्यांमध्ये ती स्टिक. मी पाना धरावा तशी मुठीत धरली. “दोन बोटांनी. शर्टाचं बटण धरतो तशी.” तशी धरली, उजवीकडे जरा नेली, आणि सगळे मळे, नदी, डोंगर उजवीकडे वर चढले. मी घाबरून सोडली, तर जमीन हळूहळू जागेवर आली. पुन्हा केलं. मग पाच-सहा वेळा केलं. बत्तीस वर्षं ज्या पत्र्याला भोकं पाडली, तो असा ऐकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सूर्य बुडायच्या आत उतरायचं होतं. उतरल्यावर आम्ही दोघांनी विमान ढकलत शेडपाशी आणलं. पंखाला चिकटलेले किडे भाचा ओल्या फडक्याने पुसत होता. ऊन अगदी आडवं आलेलं. अशा उन्हात पत्र्यावरचं काही लपत नाही. गन घसरली की रिबिटाच्या कडेला चंद्रकोरीसारखा खळगा पडतो, त्याला तिकडे ‘स्मायली’ म्हणतात. ओझरला असा एक जरी दिसला तरी इन्स्पेक्टर खडूने गोल करायचा. मी वाकून बघत होतो. एक सापडला.

“हा तुझा,” मी म्हटलं.

“नाही मामा, त्या दिवशी तुम्ही हट्टाने गन घेतली होती. माझे पलीकडच्या पंखावर आहेत. चला, दाखवतो.”