देवा, वाजवू दे

[पडद्यावर: बर्मिंगहॅम. कारखान्यांची धुराडी, विटांची बैठी घरं.]

हेवी मेटल कानावर पडलं की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, हे सैतानाचं संगीत. पण या सैतानाचा पत्ता शोधत गेलं, तर आपण पोचतो एका कडक कॅथलिक घरात. बर्मिंगहॅमचा ॲस्टन भाग. आयरिश कामगार कुटुंब, सात भावंडं. त्यातला टेरेन्स लहानपणी म्हणायचा, मी पाद्री होणार. पुढे तोच गीझर बटलर या नावानं, हेवी मेटल ज्या बँडपासून सुरू झालं असं मानतात त्या 'ब्लॅक सॅबथ'मध्ये बास गिटार वाजवू लागला, आणि बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्दही त्याचेच.

१९७० साली पहिला अल्बम आला आणि सभ्य लोक हादरले. बँडमधल्या चौघांच्या गळ्यात मात्र क्रूस होते. गायक ऑझीचे वडील कारखान्यात हत्यारं घडवायचे. ते क्रूस त्यांनीच ॲल्युमिनियमचे बनवून दिले होते.

यात मला तरी विसंगती दिसत नाही. ज्या घरात नरकाची भीती खरी असते, तिथल्याच मुलाला नरकावर गाणं सुचतं. नास्तिकाच्या घरी सैतानाला विचारतो कोण?

[पडद्यावर: पश्चिम जावा. डोंगरउतारावरची भातखाचरं.]

इंडोनेशियातला गारूत जिल्हा. इथलं दोदोल हे गोड पक्वान्न प्रसिद्ध आहे, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून आटवलेलं. गोव्याच्या माणसाला अधिक सांगायला नको. याच जिल्ह्यातल्या सिंगाजायामध्ये, मदरशात शिकणाऱ्या तीन मुली. मार्स्या, विदी आणि सिती. शेतकऱ्यांच्या पोरी, डोक्यावर हिजाब.

शाळेतले समुपदेशक अबा एर्झा मुलांची नाटकं बसवायचे. मुलींना त्यांच्या संगणकात 'सिस्टम ऑफ अ डाउन' या मेटल बँडची गाणी सापडली. झालं. २०१४ मध्ये तिघींनी बँड काढला, 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी भाषेत गोंगाट. मार्स्या गाते आणि गिटार वाजवते, विदीकडे बास, सितीकडे ड्रम.

तसं या देशाला मेटलचं वावडं नाही. बांडुंग शहराच्या उजुंगबेरुंग भागात डेथ मेटल या आणखी कर्कश प्रकारातल्या वादकांच्या पिढ्या वाढल्या आहेत. राजकारणी जोको विडोडो तर 'मेटालिका' या अमेरिकी मेटल बँडचे जाहीर चाहते. २०१३ मध्ये ते जकार्ताचे गव्हर्नर असताना 'मेटालिका'च्या रॉबर्ट त्रुहियोनं सही केलेला बास त्यांना भेट मिळाला, तर लाचलुचपतविरोधी आयोगानं तो जमा करून घेतला! पुढच्याच वर्षी हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

म्हणजे पुरुषानं मेटल ऐकलं तर तो चाहता. खेड्यातल्या, हिजाब घातलेल्या मुलीनं वाजवलं, की लगेच धर्म आठवतो.

घरच्यांनाही सुरुवातीला हे पटलं नव्हतं. गावात तर कुजबुज, मग धमक्या. तालमीहून परतताना दगड आले, दगडांसोबत चिठ्ठ्या आल्या. संगीत हराम आहे, हे त्यांना सांगणाऱ्यांची कधीच वाण पडली नाही.

[पडद्यावर: तालमीची खोली. ॲम्प्लिफायर, गुंतलेल्या वायरी.]

अशा वेळी दोनच रस्ते उरतात असं आपण धरून चालतो. गिटार सोडा, नाहीतर घर आणि धर्म सोडा. तिघींनी दोन्हीतलं काही सोडलं नाही. २०२२ मध्ये त्यांचं एक गाणं आलं. नाव, 'गॉड, अलाऊ मी (प्लीज) टू प्ले म्युझिक'. देवा, मला वाजवू दे. गिटार कर्कश, ड्रम अंगावर येणारे, आणि त्यांच्या मधोमध चक्क विनवणी. पण ही विनवणी गावाकडे नाही, मौलवींकडे नाही, थेट वरती. जनाबाईनंही विठ्ठलाला सुनावताना मधल्या कुणाची परवानगी घेतली नव्हती.

त्याच वर्षी त्या जर्मनीत वाकेन महोत्सवात वाजवून आल्या. मेटलवाल्यांची ती पंढरीच. २०२३ मध्ये 'रेतास' हा अल्बम निघाला. परदेशी बातम्यांचे मथळे मात्र बहुतेक वेळा हिजाबापासूनच सुरू होतात. गावाला त्यांच्या हातातली गिटार खुपत होती, बाहेरच्यांची नजर डोक्यावरच्या कापडावरून हलत नाही. सितीच्या पायाखालच्या बास ड्रमबद्दल दोघांनाही फारसं बोलायचं नसतं.

[पडद्यावर: इंग्लंड. हिरवी कुरणं, तंबू, गर्दी.]

२८ जून २०२४. ग्लास्टनबरी. इथे वाजवणारा हा पहिला इंडोनेशियन बँड. हा महोत्सव भरतो दुधाच्या धंद्याच्या एका शेतावर. मालक मायकेल ईव्हिस, धार्मिक मेथडिस्ट घरात वाढलेले. १९७० साली त्यांनी आपल्या गोठ्याशेजारी पहिला महोत्सव भरवला, तेव्हा तिकीट होतं एक पौंड, आणि त्यात दूध फुकट. गारूतच्या शेतकऱ्यांच्या मुली तिथवर पोचल्या त्या तीन भाषांतली गाणी घेऊन, इंडोनेशियन, सुंदानी आणि इंग्रजी.

सिती ड्रमवर बसली आहे. इथून पुढे निवेदन नाही. आवाज वाढवा.