पृथ्वी माणसाला किती काळ राहू देईल?

नमस्कार. हा प्रश्न कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: अजून ५०० कोटी वर्षं, मग सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. सूर्यापुरतं हे बरोबर आहे. पण तो फुगेपर्यंत पृथ्वीवर ना समुद्र उरलेले असतील, ना झाडं, ना श्वास घेण्याजोगी हवा. त्यामुळे सूर्याची मुदत बाजूला ठेवू आणि आधी काय संपतं ते बघू.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या ४ केंद्रकांचं मिळून हेलियमचं १ केंद्रक होतं. कण कमी झाले की वरचा भार पेलताना गाभा आकसतो, आणखी तापतो आणि हायड्रोजन जास्त वेगाने वापरला जातो. ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्याचं तेज आजच्या ७० टक्केच होतं. आताही ते दर १० ते ११ कोटी वर्षांत साधारण १ टक्क्याने वाढतंय.

मग पृथ्वी आजवर करपली कशी नाही? खडकांमुळे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. ते खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं, नद्या ते समुद्रात नेतात, तिथे शिंपल्यांसारख्या जीवांच्या कवचांतून त्याचा चुनखडक होतो. कार्बन असा गाडला जातो आणि ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडतात. ऊन वाढलं की खडक लवकर झिजतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, हवा निवते. थंडी वाढली की उलट. सह्याद्रीचा काळा कातळ या कामात फार तरबेज आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा बेसाल्ट, त्यावर गरम हवा आणि धो-धो पाऊस. असा खडक ग्रॅनाइटपेक्षा खूप लवकर झिजतो.

[पडद्यावर: कार्बन डायऑक्साइडचा उतरता आलेख, १५० आणि १० वर आडव्या रेघा]

गोम इथेच आहे. सूर्य प्रखर होत जाईल तसा खडकांचा हा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणारी ही सोय, कार्बन डायऑक्साइड कमी करत नेणार. झाडांना तर तोच लागतो. गहू, भात, तूर, हरभरा, आंबा या गटातल्या वनस्पतींना हवेच्या दर १० लाख भागांत साधारण १५० भाग तरी कार्बन डायऑक्साइड हवा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची पानं तो आधी आत साठवून मग वापरतात, त्यामुळे त्यांचं १० भागांतही भागतं. म्हणजे भात संपल्यावरही ज्वारी बराच काळ तग धरेल. १९८२ मध्ये लव्हलॉक आणि व्हिटफील्ड या शास्त्रज्ञांनी वनस्पतींना आणखी १० कोटी वर्षं दिली होती. १९९२ मध्ये काल्डेरा आणि कास्टिंग यांनी ती मुदत ९० कोटींच्या पुढे नेली, आणि २०२४ च्या एका अभ्यासाने १६० कोटींच्याही पुढे. तापमानाबरोबर खडकांची झीज नेमकी किती वाढते, यावर हा आकडा हलतो.

प्राणवायूची मुदत वेगळी. ओझाकी आणि राइनहार्ड यांच्या २०२१ च्या गणितात प्राणवायूने समृद्ध हवा सुमारे १०८ कोटी वर्षं टिकते, आणि नंतरची घसरण भूशास्त्राच्या मानाने झटपट होते. समुद्रांचीही वेळ साधारण तेव्हाच भरते. आज वर चढणारी वाफ १० ते १७ किलोमीटरवरच्या थंड थरात गोठते आणि खाली परतते. पृथ्वी फार तापली की हा अडसर कुचकामी ठरतो. वाफ वर निसटते, अतिनील किरण तिचे तुकडे करतात, हायड्रोजन अवकाशात जातो आणि पाणी कायमचं गमावलं जातं.

आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांसाठी आणखी जवळचा एक टप्पा आहे. साधारण २५ कोटी वर्षांनी सगळे खंड पुन्हा एकत्र येतील. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या महाखंडाचं हवामान मोजलं. तेव्हा सूर्य २.५ टक्के जास्त प्रखर असेल, खंडाचा मधला भाग समुद्रापासून फार दूर पडेल, आणि सस्तन प्राण्यांना राहण्याजोगी जमीन उरेल ८ ते १६ टक्के.

आता काळजीची खरी जागा. वर सांगितलेला थर्मोस्टॅट उत्तम आहे, पण त्याला काम करायला लाखो वर्षं लागतात. आपण मात्र २०० वर्षांच्या आत कार्बन डायऑक्साइड दर १० लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर नेला. २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. खडक या वेगाला पुरे पडणार नाहीत. म्हणून माणसासाठी हा प्रश्न वर्षांत विचारून उपयोग नाही. एखाद्या गावात वर्षातले किती तास शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही, ते मोजायला हवं.

शरीराचा हिशोब असा. नुसतं बसून राहिलात तरी अंगात सुमारे १०० वॉट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला तासाला साधारण १५० मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, ओघळून गेलेला घाम काहीच थंड करत नाही. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने आपण गार राहतो, आणि हवा दमट झाली की दोघांचंही काम अडतं. ही अडचण वेट बल्ब तापमान सांगतं, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात जो आकडा दाखवतो तो. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्युबर यांनी त्याची सैद्धांतिक मर्यादा ३५ अंश मांडली: काही तास त्यात राहिल्यास सावलीत, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही वाचत नाही. पाकिस्तानातल्या जेकबाबादला आणि अमिरातीतल्या रास अल खैमाला ही रेघ थोड्या वेळासाठी ओलांडली गेली आहे. पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर चाचण्या झाल्या तेव्हा दमट हवेत शरीराच्या उष्णतेचा तोल ३० ते ३१ अंश वेट बल्बलाच सुटायला लागला.

विदर्भात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २३ च्या आसपास येतो. कोकणात ३६ अंश आणि ६५ टक्के असेल तर तो ३० होतो. पारा ८ अंशांनी कमी, पण घाम वाळायची सोय जवळजवळ संपलेली. याचा अर्थ विदर्भ सुरक्षित असा मुळीच नाही. तिथे हवाच अंगाला तापवते, तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि पाणी कमी पडलं की माणूस कोसळतो. त्यात हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे किनाऱ्यावरची अडचण वाढतीच आहे.

हे घरी मोजता येतं.

[टेबलावर दोन थर्मामीटर, सुती कापड, वाटी, पंखा]

एकसारखे दोन थर्मामीटर घ्या. ते आधी तासभर शेजारी ठेवून फरक लिहून ठेवा, स्वस्त थर्मामीटरमध्ये १ अंशाचा फरक सहज निघतो. पातळ मलमलचं कापड खळ जाईपर्यंत धुवा, एकाच्या टोकाला गुंडाळा, त्याचं दुसरं टोक वाटीतल्या डिस्टिल्ड पाण्यात सोडा. बोअरचं पाणी नको, क्षार साचून कापड पाणी ओढेनासं होतं. सावलीत, पंख्याच्या जोरदार वाऱ्यात १० मिनिटं ठेवा आणि पारा उतरायचा थांबला की आकडा घ्या. वारा नसेल किंवा कापड सुकलं असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

हा आकडा २८ च्या वर गेला की अंगमेहनतीचं काम पहाटेवर ढकला. ३० च्या वर म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना थंड खोलीत न्या. आणि हे सावलीचे आकडे आहेत, उन्हाचा मारा त्यात धरलेला नाही. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात खारघरच्या मैदानावर पारा ३८ च्या आसपास होता, तरी भर दुपारी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण दगावले.

कुणी बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, जास्तीचे कपडे काढा, सगळं अंग पाण्याने भिजवा आणि वारा घाला. कोरड्या अंगावर ४० अंशांची हवा मारली तर ताप वाढतो, म्हणून आधी पाणी, मग पंखा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. गाडी दारात येईपर्यंत अंग ओलं ठेवा, आणि गाडीत चढवल्यावरही.