पळीभर तेल आणि एक शून्य

(चाळीसगाव येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो,

आपल्या गावापासून जवळच असलेल्या पाटणचा शिलालेख तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्या मठाला दाने मिळाली. गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला द्यावे आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल द्यावे, असे त्या शिलालेखात चक्क मराठीत कोरलेले आहे. गणित शिकवण्याची सोय लावताना दिव्याच्या तेलाचाही विचार करणाऱ्या या मुलखात आज पालक मला विचारतात, “सर, गणिताचा शिक्षक व्हायला किंवा सूक्ष्मजीवशास्त्राला जायला कमीत कमी काय लागतं?” प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे.

माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायचे असेल, तर गणित विषय घेऊन पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. ही रूढ वाट आहे. बी.एड.च्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीत किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात, शिवाय प्रवेश परीक्षा आहेच. अकरावी-बारावीला शिकवायचे असल्यास एम.एस्सी.ही हवी, तर सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बी.एस्सी.ला विज्ञान शाखेची बारावी लागते आणि तेथे जीवशास्त्राचा पाया गृहीत धरलेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रयोगशाळेतले ३० तास, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रॅक्टिकल बुडवून ‘नंतर जर्नल उतरवून घेऊ’ म्हणणारा विद्यार्थी नेमके काय गमावतो, ते या हिशेबात दिसते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, म्हणून तिकडचा एक प्रसंग सांगतो. जिवाणू खताच्या द्रवाची तपासणी चालू होती. अशा द्रवात प्रति मिलिलिटर किमान दहा कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा खत नियंत्रण आदेशाचा निकष आहे. एका विद्यार्थिनीने नमुना टप्प्याटप्प्याने दहा लाख पट विरल केला, त्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरला आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे एकेका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके, मोजल्या. त्या ४२ भरल्या. हात स्वच्छ, पिपेट अचूक, मोजणी बरोबर. तिने ४२ ला दहा लाखांनी गुणले आणि ‘४.२ कोटी, नमुना नापास’ असे लिहिले. प्लेटवर पूर्ण एक मिलिलिटर गेलेलाच नव्हता, त्यामुळे आणखी दहाने गुणायला हवे होते. खरे उत्तर ४२ कोटी. एका शून्यापायी चांगले खत बाद झाले असते. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, गणित नको म्हणूनच तर मी बायोलॉजी घेतलं होतं.” दोष तिचा एकटीचा नव्हता, अकरावीच्या अर्जावर तिला हा सल्ला देणारी मोठी माणसेच होती.

गणिताच्या बाजूला नेमकी उलटी गंमत आहे. तेथे मुलाला उत्तर येते, पण ते समोरच्याला पटवता येत नाही. बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेतल्या अनुभवासाठी किमान २० आठवडे ठेवलेले आहेत, ते यासाठीच. सराव पाठ घेणाऱ्या एका तरुणाने फळ्यावर उणे गुणिले उणे बरोबर अधिक असे लिहिले आणि मागच्या बाकावरून अहिराणीत प्रश्न आला, “सर, असं कसाले?” त्याच्या पाठ टाचणात नियम होता, कारण नव्हते. निरीक्षक शांतपणे बसून राहिले आणि तरुणाने पुढचे उदाहरण घेतले. पुढच्या आठवड्यात मात्र तो दररोज शंभर रुपये उसनवारी वाढत जाणाऱ्या घराचा हिशेब घेऊन आला. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे उणे तीन दिवस, त्या घराची स्थिती आजच्यापेक्षा किती बरी होती, असे त्याने वर्गाला विचारले. मुलांनी स्वतःच ‘तीनशे रुपयांनी’ असे उत्तर काढले.

मघाशी एका वडिलांनी विचारले की मुलीला जीवशास्त्र आवडते, तर गणित सोडू द्यावे का. माझे उत्तर असे आहे की आपल्याकडे अकरावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित व जीवशास्त्र हे दोन्ही घेता येतात. अभ्यास वाढेल, हे खरे. पण बारावीला गणित नसेल तर गणिताच्या बी.एस्सी.चा रस्ता बंद होतो आणि पदवीला गणित नसेल तर बी.एड.ला गणिताची अध्यापन पद्धती मिळणे अवघड जाते. मुलगी आज सोळा वर्षांची आहे. तिला पुढे प्रयोगशाळा आवडेल की फळा, हे ठरवण्याची घाई तुम्ही करू नका. अर्जावर दोन्ही विषय लिहा.