फिल्टरमधली ऊब

(दृश्य: लडाखमधलं द्रास. जानेवारीची पहाट, रस्त्याकडेला उभा ट्रक.)

इथे रात्री पारा उणे २०च्याही खाली जातो. ड्रायव्हर सेल्फ मारतो. इंजिन फिरतं, क्षणभर पेटतं आणि बंद पडतं. टाकीत डिझेल भरपूर आहे. मग अडलंय कुठे?

डिझेलमध्ये पॅराफिन, म्हणजे मेण विरघळलेलं असतं. गारठा वाढला की त्याचे बारीक कण सुटू लागतात, डिझेल गढूळ दिसतं. असं डिझेल पाइपातून अजून वाहू शकतं. पण फिल्टरच्या कागदाची छिद्रं अवघ्या काही मायक्रॉनची, तिथे हे कण साचत जातात. टाकीतलं डिझेल गोठायच्या कितीतरी आधी इंजिन उपाशी पडतं.

म्हणून हीटर थेट फिल्टरमध्येच बसवतात.

(दृश्य: उघडलेला फिल्टर, आतल्या हीटरच्या चकत्या.)

या चकत्या सिरॅमिकच्या, बेरियम टायटेनेटपासून बनवलेल्या. थंड असताना त्यांचा विद्युतरोध कमी असतो. बॅटरीतून भरपूर करंट येतो, चकत्या झटकन तापतात. ठरावीक तापमान गाठलं की रोध एकदम वाढतो आणि करंट आपोआप घटतो. इंधनाला लागून वीज खेळवायची, तर तापणाऱ्या वस्तूलाच कुठे थांबायचं ते कळलेलं असणं फार मोलाचं. बहुतेक फिल्टरांत जोडीला थर्मोस्टॅटही असतो. गारठा असेल तरच तो हीटर चालू करतो.

काही गाड्यांत पंप आणि इंजेक्टरांकडून परतणारं गरम डिझेल, टाकीत न जाता, व्हॉल्व्हमधून पुन्हा फिल्टरकडे वळतं. ही ऊब फुकटची, पण इंजिन चालू झाल्यावरच मिळणारी. पहाटेच्या पहिल्या सेल्फला वीजच हवी.

मात्र टाकीतच मेण धरलं, तर फिल्टरचा हीटर काय करणार? भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे, नेहमीच्या हिवाळी डिझेलला ६ अंश. म्हणजे पारा त्याखाली गेला, की ते फिल्टर तुंबवू शकतं. मैदानात भरलेली टाकी द्रासला कशी पुरी पडावी? यासाठीच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखकरता खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं.

टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ करू नका, त्यात जीव जाऊ शकतो. वर चढताना मैदानातलं डिझेल संपवत न्या आणि लडाखमध्ये हे खास हिवाळी डिझेल भरा. थंडी पडण्याआधी फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढा. त्याचा बर्फ झाला, तर तोही डिझेलची वाट अडवतो.